खानापूर एकच नाही : वेबवरच्या अर्जात अनेक रकान्यांचा ड्रॉपडाउन कसा बसवायचा

समजा, बडोद्यात तीन पिढ्यांपासून राहणाऱ्या एका कुटुंबाने मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी ऑनलाइन अर्ज भरला. अर्जात ‘मूळ गाव / तालुका’ असा ड्रॉपडाउन आहे. त्यात ‘खानापूर’ दोनदा दिसतं. दोन्ही ओळी अक्षरशः सारख्या. मुलगी पहिलं खानापूर निवडते आणि पुढे जाते. पडताळणीचं पत्र सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याकडे जातं, कुटुंब मात्र बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचं. तिकडून ‘असं कुटुंब आढळत नाही’ असा शेरा येतो आणि अर्ज बाद होतो. चूक मुलीची नाही. दोन वेगवेगळ्या जागा एकसारख्या दिसतील अशी यादी ज्याने बनवली, त्याची आहे.

सीमाभागात आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळांत हल्ली सभासद नोंदणी, वधू-वर सूचक यादी, पतसंस्थेचं खातं, शिष्यवृत्ती असे बरेच अर्ज वेबवर आले आहेत. ते बांधणारी मंडळी बहुतेक आपल्यातलीच तरुण पोरं-पोरी असतात. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी. अर्ज बांधून घेणाऱ्या सचिवांनी आणि खजिनदारांनीही वाचावा. काय मागायचं ते कळलं तर मिळतं.

सारख्या नावांचा प्रश्न किती मोठा आहे ते आधी पाहू. खानापूर तालुका बेळगाव जिल्ह्यात आहे, सांगली जिल्ह्यात आहे (मुख्यालय विटा), आणि तेलंगणातल्या निर्मल जिल्ह्यात खानापूर नावाचं मंडल आहे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात कर्जत दोन : एक रायगड जिल्ह्यात, एक अहिल्यानगर जिल्ह्यात. मालेगाव नाशिकला आहे तसं वाशीमलाही. कळंब धाराशिवला आणि यवतमाळलाही. खेड रत्नागिरीतही आहे आणि पुणे जिल्ह्यातही. ही झाली नुसती तालुक्यांची नावं. गावांच्या पातळीवर उतरलात की वडगाव आणि पिंपळगाव मोजताना बोटं पुरणार नाहीत. त्यावर खुर्द आणि बुद्रुक. बेळगावशेजारच्या कंग्राळी खुर्द आणि कंग्राळी बुद्रुक या दोन गावांची नावं कानडी-इंग्रजी कागदांवर ‘के.एच.’ आणि ‘बी.के.’ अशी येतात. मराठी माणूस यादीत ‘बुद्रुक’ शोधत बसतो आणि समोर ‘बी.के.’ असतं.

यावरचा उपाय जुना आहे. ओळीत फक्त नाव दाखवायचं नाही. नाव, तालुका, जिल्हा, राज्य असे तीन-चार रकाने शेजारी शेजारी दाखवायचे आणि निवड मात्र एका ओळीची ठेवायची. ज्यांनी मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये काम केलंय त्यांना हे लगेच आठवेल. तिथल्या कॉम्बो बॉक्सला ‘कॉलम काउंट’ होता, प्रत्येक रकान्याची रुंदी देता यायची आणि ‘बाउंड कॉलम’ नावाची एक गोष्ट होती. म्हणजे दाखवायचे रकाने कितीही असोत, तक्त्यात साठवायचं मूल्य कोणत्या रकान्यातलं ते वेगळं सांगायचं. पहिल्या रकान्यात कोड ठेवून त्याची रुंदी शून्य करायची, म्हणजे माणसाला कोड दिसत नाही पण साठतो तोच. दिसतं ते माणसाला ओळखण्यासाठी आणि साठतं ते यंत्रासाठी, अशी ही फोड. वेबवर आलो तेव्हा ती बऱ्याच जणांच्या हातून निसटली.

साधा सिलेक्ट का पुरत नाही

एचटीएमएलमधला ‘सिलेक्ट’ टॅग सोपा आहे, भरवशाचा आहे, मोबाइलवर आपोआप नीट उघडतो. पण त्याच्या ‘ऑप्शन’मध्ये आजवर फक्त सरळ मजकूर बसत आला. आत स्पॅन किंवा तक्ता घातला तर ब्राउझर टॅग टाकून देतो आणि सगळा मजकूर एकमेकांना चिकटून येतो. क्रोमच्या २०२५ मधल्या आवृत्त्यांपासून सिलेक्टच्या आत मांडणी करायची सोय आली आहे खरी. पण अर्ज भरणाऱ्याच्या हातात कोणता फोन आणि कोणता ब्राउझर असेल ते आपल्या हातात नाही. तेवढ्या एका सोयीवर संस्थेचा अर्ज उभा करू नये.

काही जण एक जुगाड करतात : नावापुढे न तुटणाऱ्या मोकळ्या जागा भरायच्या आणि सगळी अक्षरं समान रुंदीच्या फाँटमध्ये ठेवायची, म्हणजे रकाने जुळल्यासारखे दिसतात. रोमन लिपीत हे कसंबसं जमतं. देवनागरीत अजिबात नाही. ‘कऱ्हाड’ आणि ‘कळंब’ यांची रुंदी समान करणारा फाँट सापडणं मुश्कील, आणि मोबाइलवर तर सिलेक्टची यादी फोन स्वतःच्या फाँटमध्ये दाखवतो, तुमचं ऐकतच नाही.

मधला मार्ग आहे तो स्वस्त आहे. ऑप्शनचा मजकूरच ‘खानापूर, जि. बेळगावी, कर्नाटक’ असा लिहायचा आणि मूल्य म्हणून कोड द्यायचा. पर्याय पन्नासच्या आत असतील तर माझ्या मते एवढंच करावं, रकान्यांच्या नादी लागू नये. पर्याय शेकड्यात गेले आणि शोधाची गरज पडली, की मगच पुढचा खटाटोप.

आणखी एक पद्धत सरकारी अर्जांमुळे सगळ्यांच्या ओळखीची आहे : आधी राज्य निवडा, मग जिल्हा, मग तालुका, मग गाव. टंकलेखन नको असलेल्याला ती बरी वाटते. पण तिला एक गृहीत लागतं, की माणसाला आपल्या गावाचा आजचा जिल्हा माहीत आहे. तेलंगणाने ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जिल्ह्यांची फेररचना केली, १० चे ३१ झाले. निर्मल तेव्हाच आदिलाबादमधून वेगळा झाला. हैदराबादेत राहणारे आजोबा आजही ‘आमचं खानापूर आदिलाबाद जिल्ह्यात’ असंच सांगतात. ते आदिलाबाद निवडतील आणि खालच्या यादीत खानापूर नसेलच. रकान्यांच्या यादीत उलटं होतं. आधी गाव लिहा, मग समोर आलेल्या दोन-चार ओळींतून जिल्हा पाहून आपलं ओळखा. ओळखणं हे आठवण्यापेक्षा सोपं असतं.

आधी माहिती, मग दिखावा

कोड कुठून आणायचा? आपल्या मनाने १, २, ३ देऊ नका. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाची ‘लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी’ आहे, तिला एलजीडी म्हणतात. राज्य, जिल्हा, उपजिल्हा (म्हणजे आपला तालुका) आणि गाव, प्रत्येकाला तिथे स्वतंत्र कोड आहे. राज्यांचे कोड बघा : मध्य प्रदेश २३, गुजरात २४, महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, गोवा ३०, तेलंगणा ३६. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंकही हेच, म्हणून व्यापाऱ्यांना ते तोंडपाठ असतात. ही यादी घेऊन तिच्यावर आपला तक्ता उभारावा.

पिन कोडला मात्र ओळख समजू नका. पिन पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि तिच्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपलेच संस्कृत पंडित होते. त्याचा अभिमान जरूर असावा. पण पिन टपाल वाटपासाठी आहे. एका पिनखाली अनेक गावं येतात. एक रकाना म्हणून दाखवायला तो छान, कारण लोकांना तो पाठ असतो. साठवायचं मूल्य म्हणून नको.

तक्त्यात प्रत्येक जागेसाठी हे हवं : कोड, मराठीत रूढ नाव, सरकारी कागदावरचं नाव, तालुका, जिल्हा, राज्य. शिवाय वेगळ्या तक्त्यात पर्यायी नावं, एका जागेला कितीही. हा पर्यायी नावांचा तक्ता सीमाभागातल्या अर्जाचा जीव आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो.

आपली गावं एकापेक्षा जास्त नावांनी जगतात. कर्नाटक सरकारने १ नोव्हेंबर २०१४ पासून शहरांची नावं बदलली, तेव्हा बेळगावचं ‘बेळगावी’ झालं, विजापूरचं ‘विजयपुरा’, गुलबर्ग्याचं ‘कलबुर्गी’. मराठी माणूस बेळगावच लिहिणार. जुन्या इंग्रजी कागदावर ‘बेलगाम’ असणार. कचेरीतला कारकून कन्नड लिपीत शोधणार. इंदूरकर स्वतः ‘इंदूर’ म्हणतात, आधार कार्डावर ‘इंदौर’ असतं. ग्वाल्हेर-ग्वालियर, बडोदे-वडोदरा तसंच. गोव्यात तर मजाच आहे. तालुका डिचोली, रोमन लिपीत तो ‘बिचोलिम’ असा लिहिलेला. पेडणे झालं ‘पेरनेम’, केपे झालं ‘क्वेपेम’, सांगे झालं ‘सांगुएम’. रोमन अक्षरांत ‘डिचोली’ टाईप करणाऱ्याला काहीच सापडलं नाही, तर त्याला वाटतं आपला तालुकाच यादीत नाही. या सगळ्या नावांना एकाच कोडकडे वळवायचं काम पर्यायी नावांचा तक्ता करतो.

कोणतं नाव आधी दाखवायचं यावर मंडळाच्या बैठकीत वाद होतो, हे सांगायला नको. माझं मत व्यवहारी आहे. पहिल्या रकान्यात मराठीत रूढ नाव, शेजारी फिक्या अक्षरांत सरकारी नाव. पहिलं माणसाला सापडण्यासाठी आणि दुसरं त्याच्या रेशन कार्डाशी ताडून पाहण्यासाठी. दोन्ही लागतात, एक काढून दुसरं ठेवण्यात कुणाचंच भलं नाही.

तालुक्याच्या रकान्याचं शीर्षकही जपून द्या. मध्य प्रदेशात तहसील म्हणतात, तेलंगणात मंडल. ‘तालुका / तहसील / मंडल’ असं पूर्ण लिहिलं तर कुणाचा गोंधळ होत नाही.

शोध : इथेच बहुतेकांचं फसतं

शोधताना टाईप केलेला मजकूर आणि तक्त्यातलं नाव जसंच्या तसं ताडलं, तर देवनागरीत निम्मे शोध वाया जातील. ‘कऱ्हाड’ घ्या. त्यातला ऱ्ह दोन तऱ्हांनी टंकता येतो. एकात नुक्तावाला ऱ आणि हलंत असतो; दुसऱ्यात साधा र, हलंत आणि त्यामागे न दिसणारं जोडचिन्ह, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात, संगणकाला मात्र दोन वेगळे शब्द वाटतात. शिवाय लोक सरळ ‘कराड’ही लिहितात, ते पर्यायी नाव म्हणून ठेवावं.

उपाय म्हणजे प्रत्येक नावाची एक ‘शोध-किल्ली’ तयार करायची. नाव आधी युनिकोडच्या एनएफडी रूपात न्यायचं. त्यात ऱ चे र आणि नुक्ता असे दोन तुकडे होतात, हिंदीतल्या ढ़ चेही ढ आणि नुक्ता होतात. मग सगळे नुक्ते आणि न दिसणारी जोडचिन्हं काढून टाकायची. दोन्ही कऱ्हाड इथेच एक होतात. त्यानंतर दीर्घ ऊकार ऱ्हस्व करायचा, दीर्घ वेलांटी ऱ्हस्व करायची, म्हणजे मराठी ‘खानापूर’ आणि हिंदी वळणाचं ‘खानापुर’ जुळतं. ळ चा ल करायचा, कारण हिंदीच्या कीबोर्डवर वाढलेल्या इंदूर-ग्वाल्हेरच्या पोरांना ळ सापडत नाही. टाईप केलेल्या मजकुराचीही अशीच किल्ली करायची आणि किल्लीशी किल्ली ताडायची.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा : किल्ली फक्त शोधासाठी. पडद्यावर ‘कंग्राळी’ हे ‘कंग्राळी’च दिसलं पाहिजे. किल्ली ढिली केल्याने दोन-चार ओळी जास्त सापडतील, सापडू द्या. फरक दाखवायला शेजारचे रकाने आहेतच. पण महाराष्ट्रातला ‘रायगड’ आणि छत्तीसगडमधला ‘रायगढ’ एक करण्याइतकी ढिली करू नका. ड आणि ढ वेगळेच राहू द्यात.

शोध सगळ्या रकान्यांत चालला पाहिजे. ‘खानापूर सांगली’ असं लिहिलं, तर दोन्ही शब्द एकाच ओळीत कुठेही असले की ती ओळ यावी. सापडलेल्या ओळींचा क्रम लावताना गावाचं नाव ज्या ओळीत सुरुवातीपासून जुळतं ती वर घ्या. बाकीच्या मराठी वर्णक्रमाने. संगणकाच्या कच्च्या क्रमात ळ लगेच ल च्या मागे येतो आणि क्ष क मध्ये घुसतो; आपल्या वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ शेवटी असतात. जावास्क्रिप्टमध्ये ‘इंटल कोलेटर’ला मराठी भाषेचा संकेत देऊन क्रम लावा आणि निकाल एकदा डोळ्यांनी तपासा.

सगळी यादी ब्राउझरमध्ये पाठवायची की सर्व्हरवर शोधायचं? यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘खानापूर’ या शब्दात काना-ऊकार धरून ७ चिन्हं, म्हणजे २१ बाइट. तालुक्यांची यादी असेल तर काही प्रश्न नाही, महाराष्ट्रात साडेतीनशेहून थोडे जास्त तालुके आहेत. शेजारची राज्यं धरूनही एकदाच पाठवून मोकळे व्हा. गावं मात्र एकट्या महाराष्ट्रात चाळीस हजारांवर आहेत. पर्यायी नावांसह ती फोनवर पाठवली तर कित्येक मेगाबाइट होतील. तिथे सर्व्हरवर शोधा, किमान २ चिन्हं टाईप झाल्यावर, एका वेळी २० ओळी. किमान ३ ठेवू नका. ‘खा’ हीच २ चिन्हं झाली, आणि ‘सांगे’ किंवा ‘केपे’सारख्या छोट्या नावांना जास्त अट लावली तर ती उशिरा दिसतात.

प्रत्येक अक्षराला सर्व्हरकडे धावायचं नाही. बोट थांबल्यावर पाव सेकंदाने जा. आणि आधीचा शोध अर्धवट असताना नवा सुरू झाला, तर आधीचा रद्द करा; त्यासाठी ‘ॲबॉर्ट कंट्रोलर’ आहे. नाही तर घाटमाथ्यावर, जिथे रेंज ये-जा करते, तिथे ‘खा’चं उत्तर ‘खानापू’च्या उत्तरानंतर पोचतं आणि बरोबर यादीवर चुकीची यादी येऊन बसते.

प्रत्यक्ष बांधणी

वर एक साधी इनपुट चौकट. तिच्यामागे एक लपवलेली इनपुट, तिच्यात फक्त कोड. चौकटीखाली यादीचा डबा, तो गरजेपुरता उघडतो. यादीतली प्रत्येक ओळ सीएसएस ग्रिडने मांडायची. इथे नेहमीची चूक अशी की रकान्यांची रुंदी ‘ऑटो’ ठेवतात. प्रत्येक ओळ हा स्वतंत्र ग्रिड असल्याने प्रत्येक ओळ आपापली रुंदी ठरवते आणि रकाने वाकडेतिकडे होतात. रुंदी प्रमाणात द्या, उदाहरणार्थ गावाला २ भाग आणि तालुका, जिल्हा, राज्य यांना प्रत्येकी १ भाग, आणि किमान रुंदी शून्य ठेवा म्हणजे ‘छत्रपती संभाजीनगर’सारखं लांब नाव शेजाऱ्याला ढकलणार नाही, दुसऱ्या ओळीवर उतरेल. ‘सबग्रिड’ वापरलं तर आणखी नेटकं. २०२३ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत ते आहे.

खानापूर टाईप केल्यावर असं दिसलं पाहिजे :

खानापूर | तालुका | बेळगावी (बेळगाव) | कर्नाटक
खानापूर | तालुका | सांगली | महाराष्ट्र
खानापूर | मंडल | निर्मल (पूर्वी आदिलाबाद) | तेलंगणा

तीन ओळी. बडोद्याच्या त्या मुलीला विचार करायला दोन सेकंदही लागणार नाहीत.

मोबाइलवर चार रकाने मावत नाहीत, ते कोंबू नका. अरुंद पडद्यावर ओळीचे दोन मजले करा : वर ठळक गाव, खाली लहान अक्षरांत तालुका, जिल्हा, राज्य. आडवं सरकवायला लावणारी यादी कुणी वाचत नाही. कीबोर्ड उघडल्यावर अर्धा पडदा जातो हेही लक्षात घ्या. यादी चौकटीच्या खाली चार-पाच ओळींपुरती ठेवा, बाकीचं आत सरकू द्या.

आता सगळ्यात महागात पडणारी गोष्ट. माणसाने ओळ निवडली, कोड साठला. मग त्याने चौकटीत परत जाऊन मजकूर बदलला, खानापूर खोडून ‘कर्जत’ लिहिलं, पण यादीतून काही निवडलं नाही. चौकटीत कर्जत दिसतंय, लपवलेल्या इनपुटमध्ये खानापूरचा कोड. अर्ज जातो, कुणालाच कळत नाही. म्हणून नियम ठेवा : चौकटीतला मजकूर हाताने एक अक्षरही बदलला की कोड लगेच पुसायचा. कोड रिकामा असताना अर्ज पुढे जाऊ द्यायचा नाही. ‘यादीतून गाव निवडा’ असं स्पष्ट सांगायचं. काही तयार घटक अशा वेळी पहिली ओळ आपोआप निवडतात. ती सोय बंद करा. पहिली ओळ बरोबरच असेल याची खात्री कुणी दिली? सुरुवातीचा तो बाद झालेला अर्ज आठवा.

सर्व्हरवरही कोड परत तपासायचा. ब्राउझरमधून आलेल्या कशावरही आंधळा विश्वास नको. आणि कोडबरोबर त्या दिवशी पडद्यावर जसं दिसलं तसं पूर्ण नावही साठवून ठेवा. उद्या जिल्हा बदलला, नाव बदललं, तरी अर्जदाराने काय पाहून सही केली त्याची नोंद राहते.

दोन बारीक काटे आहेत, पायात घुसल्यावरच कळतात. एक : यादीतल्या ओळीवर क्लिक करायला जावं तर चौकटीचा फोकस आधी सुटतो, यादी मिटते आणि क्लिक हवेत जातं. क्लिकची वाट न पाहता ‘माउसडाउन’लाच फोकस सुटणं थांबवा. दोन : उच्चारानुसार मराठी लिहून देणाऱ्या कीबोर्डवर एंटर दाबणं म्हणजे कधी कधी ‘हा शब्द पक्का कर’ असं असतं. तुमच्या कोडने तो एंटर ‘ही ओळ निवड’ किंवा ‘अर्ज पाठव’ असा घेतला तर घोटाळा. शब्द अजून जुळवला जातोय का, हे ब्राउझर ‘इज कंपोझिंग’मधून सांगतो, तेव्हा एंटरकडे दुर्लक्ष करा. यादी उघडी असताना एंटरने अर्ज पाठवला जाणार नाही हेही पाहा. बाकी वर-खाली बाणांनी ओळ बदलावी, एस्केपने यादी मिटावी, टॅबने पुढच्या चौकटीत जावं.

ज्यांना पडदा दिसत नाही

अंध वापरकर्ते स्क्रीन रीडर वापरतात, संगणकावर एनव्हीडीए, अँड्रॉइडवर टॉकबॅक. रकाने डोळ्यांना मदत करतात, कानांना नाही. चौकटीला ‘कॉम्बोबॉक्स’ आणि यादीला ‘लिस्टबॉक्स’ ही भूमिका द्या, प्रत्येक ओळ ‘ऑप्शन’. यादी उघडी आहे की मिटलेली, आणि आत्ता कोणत्या ओळीवर आहोत, हे एरिया गुणधर्मांतून सांगा. ‘ग्रिड’ अशीही भूमिका आहे, पण ती प्रत्येक खणात वेगळं जाता येत असेल तेव्हाची. आपली निवड पूर्ण ओळीची आहे, तेव्हा लिस्टबॉक्सच बरा. ओळ वाचली जाताना रकाने सलग चिकटून ‘खानापूरतालुकाबेळगावी’ असं ऐकू येऊ नये म्हणून ओळीला पूर्ण वाक्यासारखं लेबल द्या : ‘खानापूर, तालुका, जिल्हा बेळगावी, कर्नाटक’. शीर्षकाची ओळ लिस्टबॉक्सच्या बाहेर ठेवा, नाही तर बाणाने खाली जाताना ‘गाव, तालुका, जिल्हा’ हाही एक पर्याय होऊन बसतो. ‘३ पर्याय सापडले’ हेही हळूच ऐकवा.

एवढं स्वतः लिहिणं जड वाटत असेल तर तयार घटक आहेत. केंडो यूआयचा ‘मल्टिकॉलम कॉम्बोबॉक्स’ आहे, सिंकफ्यूजनचाही त्याच नावाचा आहे. जेक्वेरीच्या काळातल्या ईझी यूआयमध्ये ‘कॉम्बोग्रिड’ होता. केंडोला पैसे मोजावे लागतात, बाकीच्यांचे परवाने आपापले वाचून घ्या. घेताना चकचकीत नमुन्यावर भुलू नका. त्यात दोन कऱ्हाड टाका, दोन्ही तऱ्हांनी टंकलेले, आणि शोधून पाहा. शोध आपल्या किल्लीने किंवा सर्व्हरवर चालवण्याची मुभा त्यात नसेल, तर आपल्या कामाला तो घटक अपुरा आहे, दिसायला कितीही सुंदर असला तरी.

शेवटी यादीच्या तळाशी एक ओळ कायम ठेवा : ‘माझं गाव यादीत नाही’. ती दाबली की मोकळी चौकट उघडावी, तिथे माणसाने आपल्या शब्दांत गाव, तालुका, जिल्हा लिहावं. हे अर्ज कोडशिवाय जाऊ द्या, पण वेगळ्या फायलीत, आणि संस्थेतल्या कुणीतरी आठवड्यातून एकदा ते हाताने बघावेत. बहुतेक वेळा गाव यादीत असतंच. लोक त्याला कोणत्या नावाने हाक मारतात तेवढं आपल्याकडे नसतं. ते नाव पर्यायी नावांच्या तक्त्यात टाकलं, की त्या गावच्या पुढच्या माणसाला ही ओळ दाबावी लागत नाही.